लहान स्फटिक, लांबलेलं आयुष्य आणि हुकलेलं पॅरा-झायलीन

झेडएसएम-५ हा झिओलाइट बनवायची कृती शोधनिबंधात चार ओळींत मावते. सिलिकाचा स्रोत, ॲल्युमिनियमचा स्रोत, टेट्राप्रोपिल अमोनियम हायड्रॉक्साइड आणि पाणी एकत्र ढवळा, ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) १७० अंश सेल्सिअसला ठेवा, धुवा, वाळवा, ५५० अंशांना भाजा. पीएचडीला लागले तेव्हा माझ्या हातात या ओळी होत्या आणि एक प्रश्न होता: याच झिओलाइटचे स्फटिक शंभर नॅनोमीटरच्या आसपास आणले, किंवा मोठ्या स्फटिकांना मुद्दाम रुंद छिद्रं पाडली, तर उत्प्रेरक म्हणून तो कितपत सुधारतो? त्या चार ओळींच्या मध्ये काय काय घडतं आणि प्रश्नाचं उत्तर अभिक्रियेगणिक कसं बदललं, ते इथे लिहिते आहे. या विषयात नव्याने येणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढी इच्छा आहे.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची त्रिमितीय जाळी. तिच्यातली छिद्रं रेणूच्या मापाची असतात आणि प्रत्येक स्फटिकात ती हुबेहूब सारखी असतात. झेडएसएम-५ मध्ये छिद्राच्या तोंडाशी दहा चतुष्फलकांचं कडं असतं आणि त्याची रुंदी साधारण ०.५५ नॅनोमीटर भरते. सरळ जाणारे आणि नागमोडी जाणारे असे दोन प्रकारचे मार्ग एकमेकांना छेदतात. जाळीत जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं तिथे एक ऋणभार उरतो आणि तो भागवायला प्रोटॉन आला की ती जागा आम्लधर्मी होते. सगळं रसायन या जागांवर घडतं. मोबिल कंपनीच्या आर्गावर आणि लँडोल्ट यांना या पदार्थाचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं आणि १९८५ मध्ये न्यूझीलंडमधल्या मोटुनुईत याच झिओलाइटवर मिथेनॉलपासून पेट्रोल बनवणारा कारखाना सुरू झाला. इतक्या जुन्या, इतक्या अभ्यासलेल्या पदार्थावर काम करताना नवं काही सापडेल का, ही शंका मला सुरुवातीला होती. ती फार टिकली नाही.

अडचण या छिद्रांतच आहे. रेणू जेमतेम आत शिरतो, म्हणून तो सावकाश सरकतो. आतल्या आम्लजागेपर्यंत पोहोचायला आणि तयार झालेला पदार्थ बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मायक्रोमीटरचा स्फटिक शंभर नॅनोमीटरवर आणला की हा वेळ शंभरपट कमी होतो. नॅनो-झिओलाइटांमागचा सगळा खटाटोप या एका हिशेबावर उभा आहे. मोठी छिद्रंच हवी असतील तर एमसीएम-४१ सारखे पदार्थ १९९२ पासून आहेत, पण त्यांच्या भिंती स्फटिकी नसतात, आम्लता सौम्य असते आणि गरम वाफेत त्या कोसळतात. आम्हाला झेडएसएम-५ची भिंत हवी होती आणि वाट मात्र लहान हवी होती.

पहिली पायरी जेलची. ॲल्युमिनियमचं क्षार आधी टेट्राप्रोपिल अमोनियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पूर्ण विरघळवायचं आणि मग टीईओएस, म्हणजे टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, थेंबाथेंबाने सोडायचं. सुरुवातीला दोन थर स्पष्ट दिसतात. वर तेलकट टीईओएस, खाली आम्लारीयुक्त पाणी. जोरात ढवळत राहिलं की काही तासांनी मधली सीमा पुसट होते आणि एका क्षणी सगळं द्रावण एकदम नितळ होतं. तो क्षण ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं. त्याआधी पुढे गेलं तर सिलिकाच्या गाठी राहतात आणि त्यांतून वेगवेगळ्या आकाराचे स्फटिक वाढतात. टीईओएसच्या प्रत्येक रेणूमागे चार रेणू इथेनॉल सुटतं. ते ८० अंशांच्या आसपास उडवून टाकायचं आणि उडालेल्या वजनाइतकं पाणी परत घालायचं, कारण बंद भांड्यात तेच इथेनॉल दाब वाढवतं.

ऑटोक्लेव्ह म्हणजे टेफ्लॉनचं भांडं आणि त्याभोवती पोलादी कवच. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही. १७० अंशांना नुसत्या पाण्याच्या वाफेचा दाब आठ बारपर्यंत जातो, म्हणून ते पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. आमच्या लॅबमध्ये याहून कडक नियम एक होता: प्रत्येक प्रकारच्या झिओलाइटला त्याचं स्वतःचं टेफ्लॉन भांडं. टेफ्लॉनच्या बारीक ओरखड्यांत मागच्या खेपेचे स्फटिक अडकून राहतात आणि पुढच्या खेपेला बीज म्हणून काम करतात. मॉर्डेनाइट या दुसऱ्या झिओलाइटसाठी वापरलेल्या भांड्यात झेडएसएम-५ करायला घेतलं तर एक्सआरडीमध्ये, म्हणजे स्फटिकाची जाळी ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, मॉर्डेनाइटच्या रेषा दिसू शकतात. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड भरून, ऑटोक्लेव्ह बंद करून, भट्टीत ठेवून भांडं स्वच्छ केलं जायचं. नव्या विद्यार्थ्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते संश्लेषणाचं निम्मं यश या धुण्यात आहे.

मोठे स्फटिक करणं त्या मानाने सोपं. सोडियम थोडं जास्त, पाणी भरपूर, टेम्प्लेट (ज्याच्याभोवती छिद्रं घडतात ते टेट्राप्रोपिल अमोनियम) कमी. मग केंद्रकं, म्हणजे स्फटिक जिथून वाढू लागतात ते पहिले कण, मोजकी तयार होतात आणि प्रत्येकाला वाढायला भरपूर सिलिका मिळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शवपेटीच्या आकाराचे, कडा धारदार असलेले स्फटिक दिसतात. लहान स्फटिकांसाठी सगळं उलट. टेम्प्लेट भरपूर, पाणी कमी, सोडियम शक्यतो नाही आणि जेल आधी कमी तापमानाला बराच काळ मुरवायचं, म्हणजे केंद्रकं असंख्य तयार होतात आणि वाढीसाठी माल उरत नाही.

नॅनो-स्फटिकांची खरी कसोटी धुताना लागते आणि याबद्दल निबंधांत जवळजवळ काही लिहिलेलं नसतं. ऑटोक्लेव्ह उघडल्यावर दुधाळ द्रव मिळतो. सेंट्रिफ्यूज केल्यावर पहिल्या खेपेला तळाशी घट्ट पांढरा गोळा बसतो. वरचं पाणी ओतून नवं पाणी घालून परत फिरवलं की गोळा थोडा सैल होतो. आणखी एकदोनदा धुतल्यावर वरचं पाणी नितळ होतच नाही. उजेडाकडे धरलं तर त्यात निळसर झाक दिसते. ती निळसर झाक म्हणजे आपला उत्प्रेरक. पाण्यातले क्षार निघून गेले की कणांवरचे भार एकमेकांना दूर ढकलतात आणि कण खाली बसायला तयार होत नाहीत. वरचं पाणी ओतून दिलं तर सगळ्यात लहान स्फटिक, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं केलं तेच, बेसिनमध्ये जातात. उपाय साधा आहे. शेवटच्या धुण्यात अमोनियम नायट्रेटच्या द्रावणाचे थोडे थेंब घालायचे. कण पुन्हा एकत्र येऊन बसतात, आणि अमोनियम पुढे भाजताना निघून जाणारच असतं.

मग कॅल्सिनेशन, म्हणजे भाजणं. छिद्रांच्या छेदबिंदूंवर टेट्राप्रोपिल अमोनियमचे आयन अडकलेले असतात, ९६ सिलिकॉन-ॲल्युमिनियम अणूंच्या एका एकक कोशिकेत चार. ते जाळून काढल्यावर वजन साधारण ११-१२ टक्के घटतं. तापमान मिनिटाला एक अंश या गतीने चढवायचं, हवा खेळती ठेवायची, धूर हूडमधून बाहेर काढायचा. अमाइनचा उग्र वास येतो. घाई केली तर टेम्प्लेट जळण्याऐवजी कोळसा होऊन आत बसतं आणि पावडर राखाडी निघते. पूर्ण भाजलेली पावडर स्वच्छ पांढरी असते आणि बाटलीत ओतताना हलकी फुललेली जाणवते. त्यानंतर एक मोलार अमोनियम नायट्रेटमध्ये ८० अंशांना तीनदा आयन-विनिमय, पुन्हा भाजणं, आणि मग प्रोटॉनधारी रूप हाती येतं.

दुसरा मार्ग, म्हणजे मोठ्या स्फटिकांना छिद्रं पाडण्याचा, मला रसायनाच्या दृष्टीने जास्त आवडला. तयार स्फटिक सौम्य आम्लारीत टाकले की ती सिलिकॉन विरघळवते, पण ॲल्युमिनियमच्या शेजारचं सिलिकॉन सहज सुटत नाही, कारण तिथला ऋणभार हायड्रॉक्साइडला जवळ येऊ देत नाही. खाणं कुठे थांबायचं हे असं ॲल्युमिनियम ठरवतं. ग्रोएन आणि पेरेझ-रामिरेझ यांनी दाखवून दिलं की सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर २५ ते ५० च्या दरम्यान असेल तर हे सगळ्यात चांगलं साधतं. त्याखाली जाळी फारशी विरघळत नाही, त्यावर ती बेसुमार विरघळते. आमच्या नमुन्याचं गुणोत्तर ४० च्या आसपास होतं. ०.२ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड, ६५ अंश, ३० मिनिटं, आणि घड्याळ थांबताच फ्लास्क बर्फात. हे बर्फ टाळून चालत नाही. गरम द्रावणात गाळण होईपर्यंत आम्लारी काम करतच राहते आणि दोन खेपा सारख्या निघत नाहीत. गाळून वजन केलं तेव्हा पावडरीचा मोठा हिस्सा गेलेला होता. तो गमावूनच आतमध्ये दहा नॅनोमीटरच्या आसपासची छिद्रं मिळतात. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन सुटं ॲल्युमिनियम काढलं, नाहीतर ते नव्या छिद्रांच्या तोंडाशी साचून राहतं.

ओळखपरेड लांबलचक असते. एक्सआरडीमध्ये ७.९ आणि ८.८ अंशांच्या दोन रेषा आणि २३ ते २४ अंशांतला रेषांचा जुडगा दिसला की जाळी झेडएसएम-५ची आहे हे कळतं. २६.६ अंशांवर टोकदार रेष आली तर क्वार्ट्झ झालं, म्हणजे जास्त वेळ किंवा जास्त तापमान. एनएमआरमध्ये (अणूच्या भोवतालची रचना चुंबकीय क्षेत्रात ओळखणारी चाचणी) ५५ पीपीएमजवळचं ॲल्युमिनियम जाळीत बसलेलं, शून्याजवळचं जाळीबाहेर पडलेलं. अमोनिया टीपीडीमध्ये, म्हणजे शोषलेला अमोनिया तापवत सोडवून आम्लता मोजताना, २०० आणि ४०० अंशांच्या आसपास दोन उंचवटे. दुसरा आपल्या कामाचा.

नायट्रोजन शोषणाबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलायला हवं. ७७ केल्विनला घेतलेल्या आलेखावरून बीईटी या पद्धतीने पृष्ठफळ काढतात आणि निबंधाच्या सारांशात तोच आकडा मिरवतात. सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थात तो आकडा नीट अर्थ देत नाही, कारण छिद्र भरणं आणि पृष्ठभागावर थर बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या तिन्ही नमुन्यांचं बीईटी पृष्ठफळ एकमेकांच्या जवळच होतं. फरक दिसला तो टी-प्लॉटने सूक्ष्म छिद्रांचा वाटा वेगळा काढल्यावर. मोठ्या स्फटिकांचं बाह्य पृष्ठफळ किरकोळ, नॅनो आणि छिद्रं पाडलेल्या नमुन्यांचं कित्येक पटींनी जास्त. पुढे जे काही घडलं ते या बाह्य पृष्ठफळामुळे.

पहिली अभिक्रिया मिथेनॉलची. पावडर दाबून वड्या केल्या, कुटून चाळल्या, ठरावीक जाडीचे दाणे क्वार्ट्झच्या नळीत काचलोकरीच्या दोन थरांमध्ये बसवले. अभिक्रिया उष्णता सोडते, म्हणून दाण्यांत सिलिकॉन कार्बाइड मिसळलं, नाहीतर थर्मोकपल एक सांगतं आणि थरातलं तापमान दुसरंच असतं. ४०० अंशांना नायट्रोजनबरोबर मिथेनॉलची वाफ सोडली आणि बाहेर येणारा वायू गॅस क्रोमॅटोग्राफला जोडला. बाहेरची सगळी नळी गरम पट्ट्यांनी गुंडाळलेली हवी. एका खेपेला मध्यरात्रीनंतर दाब हळूहळू चढायला लागला. थर तपासला, झडप तपासली, सगळं ठीक. शेवटी एका कोपऱ्यावरची जोडणी उघडली तर आत पांढरे, पत्र्यासारखे चकचकीत स्फटिक गच्च बसलेले. ते ड्यूरीन होतं. चार मिथिल गटांचा हा बेंझीनवर्गीय पदार्थ झेडएसएम-५च्या छिद्रातून बाहेर पडू शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या रेणूंपैकी आहे आणि ७९ अंशांना गोठतो. गरम पट्टी त्या कोपऱ्यावर सैल पडली होती. त्या स्फटिकांकडे बघताना मला पहिल्यांदा ०.५५ नॅनोमीटरचं छिद्र डोळ्यांना दिसल्यासारखं वाटलं.

सुरुवातीला तिन्ही नमुने सारखेच दिसतात, कारण तिघांचंही रूपांतरण, म्हणजे आत गेलेल्या मिथेनॉलपैकी बदललेला वाटा, शंभर टक्के असतं. शंभर टक्क्यांवर केलेली तुलना काहीच सांगत नाही. थरातला ताजा भाग उरला आहे एवढंच त्यातून कळतं. फरक आयुष्यात दिसतो. मोठ्या स्फटिकांचं रूपांतरण आधी कोसळलं, छिद्रं पाडलेला नमुना बराच पुढे गेला आणि नॅनो सगळ्यात जास्त टिकला. वापरलेला थर नळीतून काढताना वरचे दाणे कोळशासारखे काळे, मध्ये करड्या रंगाचा पट्टा आणि तळाशी फिकट, असे थर स्वच्छ दिसले. या क्षेत्रात याला जळत्या सिगारची उपमा देतात: निखारा वरून खाली सरकतो, तसा अभिक्रियेचा पट्टा खाली सरकतो आणि मागे मेलेला उत्प्रेरक ठेवतो. मोठ्या स्फटिकांत अभिक्रियेत साचणारा कार्बन छिद्रांच्या तोंडाशी बसून आतलं सगळं बंद करतो. लहान स्फटिकांत वाट आखूड असल्याने कार्बनचे पूर्वज वेळेत बाहेर पडतात आणि जमलाच तर कार्बन बाहेरच्या भिंतींवर जमतो. आतली आम्लजागा चालू राहते. दक्षिण कोरियातल्या रियू यांच्या गटाने २००९ मध्ये अवघ्या दोन नॅनोमीटर जाडीचे झेडएसएम-५चे पापुद्रे करून हेच फार देखण्या रीतीने दाखवलं होतं. हवेत ५५० अंशांना कार्बन जाळून टाकला की नमुना पुन्हा पांढरा होऊन कामाला लागत होता.

एवढ्यावर माझा निष्कर्ष तयार होता. मग माझ्या मार्गदर्शक मॅडमनी टोल्यूइनवर मिथिल गट बसवून झायलीन करायची अभिक्रिया सुचवली. इथे हवं असतं पॅरा-झायलीन, पॉलिस्टरचा कच्चा माल. समतोलावर तिन्ही झायलीनांत त्याचा वाटा जेमतेम २४ टक्के असतो. झेडएसएम-५ त्याला झुकतं माप देतो, कारण पॅरा-झायलीनचा रेणू सडपातळ आहे आणि छिद्रातून ऑर्थो आणि मेटापेक्षा कित्येक पटींनी वेगाने सरकतो. बाकीचे दोन आत अडकून राहतात, पुन्हा पुन्हा रूप बदलतात आणि पॅरा होऊन बाहेर पडतात.

नॅनो नमुन्याचा पॅरा-वाटा समतोलाच्या जवळ आला. छिद्रं पाडलेलाही फारसा वेगळा नव्हता. ज्याचं आयुष्य सगळ्यात कमी होतं, त्या मोठ्या स्फटिकांनी दोघांना मागे टाकलं. मी आलेख घेऊन गेले.

“मॅडम, कॅलिब्रेशन पुन्हा करून बघू का?”

“कर, पण मला वाटतं आकडा बरोबर आहे. तू स्फटिक लहान केलेस म्हणजे बाहेरची भिंत वाढवलीस. पॅरा-झायलीन छिद्रातून बाहेर आलं की त्याच भिंतीवरच्या आम्लजागेवर बसतं आणि परत मेटा होतं. तिथे त्याला अडवायला छिद्र नाही.”

कॅलिब्रेशन केलं, आकडा तोच आला. बाहेरच्या आम्लजागा मोजायला मग ट्राय-आयसोप्रोपिल बेंझीन वापरलं. त्याची रुंदी जवळजवळ ०.९५ नॅनोमीटर, त्यामुळे ते छिद्रात शिरूच शकत नाही. जे काही तुटतं ते बाहेरच तुटतं. मोठ्या स्फटिकांवर ते जवळजवळ तसंच्या तसं बाहेर आलं, नॅनोवर भराभर तुटलं. दोन्ही अभिक्रियांचा हिशेब जुळला. मिथेनॉलमध्ये जे बाह्य पृष्ठफळ कार्बन झेलून आयुष्य वाढवत होतं, तेच टोल्यूइनमध्ये निवड बिघडवत होतं. शिवाय वाट आखूड झाल्याने ऑर्थो आणि मेटाही वेळेत सुटून जात होते, हा दुसरा तोटा. ‘उत्कृष्ट कामगिरीचा नॅनो-झिओलाइट’ असं शीर्षक दिसलं की मी आता आधी अभिक्रिया कोणती आणि रूपांतरण किती ठेवून तुलना केली आहे, ते बघते.

नंतरचं काम बाहेरची भिंत झाकण्याचं. टीईओएस पुन्हा उपयोगी पडलं. त्याचा रेणू छिद्रापेक्षा मोठा असल्याने ते आत न जाता बाहेरच्या पृष्ठभागावर बसतं आणि भाजल्यावर तिथे निष्क्रिय सिलिकाचा पातळ थर राहतो. एका जाड थरापेक्षा थोडं थोडं करून, मध्ये भाजून, पुन्हा लावणं बरं पडतं, म्हणजे छिद्रांची तोंडं बुजायच्या आधी थांबता येतं. प्रत्येक थरानंतर ट्राय-आयसोप्रोपिल बेंझीनचं तुटणं कमी होत गेलं आणि पॅरा-झायलीनचा वाटा वाढत गेला. टोल्यूइनचं रूपांतरणही त्याबरोबर उतरलं, कारण काही तोंडं अरुंद होतातच. नॅनो नमुन्यावर हा उपाय कमी लागू पडला. झाकायची भिंत खूप आणि लपवायची वाट आखूड. मधल्या आकाराच्या, साधारण अर्ध्या मायक्रोमीटरच्या स्फटिकांवर तो सगळ्यात चांगला बसला, आणि सध्या त्याच नमुन्याच्या ॲल्युमिना बांधणीतल्या, म्हणजे पावडर ॲल्युमिनाने बांधून केलेल्या, कांड्या करून चाचणी सुरू आहे. बांधणीतलं ॲल्युमिना भाजताना झिओलाइटच्या पृष्ठभागावर नव्या आम्लजागा निर्माण करतं का, हे बघायला सिलिकाच्या बांधणीतल्या कांड्याही शेजारच्या नळीत लावल्या आहेत.